मोटारीचा रेडिएटर काढणे, तपासणे आणि बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणत्या प्रकारच्या गाडीसाठी आहे?

पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन, विजेवर चालणारा पंखा, हाताने टाकायचे गिअर आणि ॲल्युमिनियमची जाळी व प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर अशी रचना असलेली छोटी मोटार डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. महाराष्ट्रातील रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान याच गटात येतात. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचा मुद्दा वेगळा असल्यामुळे तो पुढे स्वतंत्रपणे घेतला आहे. बोल्टची जागा, रेडिएटरच्या झाकणाचा दाब आणि कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) प्रकार यांबाबत गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले अंतिम मानावे.

गाडी तापते, म्हणजे रेडिएटर खराब झाला असे समजावे का?

नाही, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. गाडी तापण्यामागे रेडिएटरशिवाय निदान पाच कारणे असू शकतात : पंखा न फिरणे, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारी झडप) बंद स्थितीत अडकणे, झाकणाने दाब न धरणे, वॉटर पंप निकामी होणे आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांमधला सांधा बंद ठेवणारा थर) फुटणे. यांपैकी काहीही न तपासता नवा रेडिएटर बसवला, तर जखम मांडीला आणि मलम शेंडीला अशी गत होते. पैसे जातात आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा तापते.

गाडी नेमकी केव्हा तापते, यावरून बराच उलगडा होतो. सिग्नलवर किंवा कोंडीत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर निवते, तर पहिला संशय पंखा, त्याची मोटर, रिले किंवा फ्यूज यांवर घ्यावा, कारण वेगात असताना समोरून येणारा वारा पंख्याचे काम करतो. याउलट शहरात ठीक चालणारी गाडी कसारा, खंबाटकी किंवा पसरणीच्या चढावर भरल्या वजनाने तापत असेल, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबला असण्याची शक्यता मोठी असते. इंजिन कडक तापले आहे आणि तरीही रेडिएटर थंडच आहे, असे आढळल्यास थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा पाणी फिरतच नाही असे समजावे. बाहेर कुठेही गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होत राहते आणि इंजिन चालू असताना राखीव बाटलीत सतत बुडबुडे येतात, तेव्हा हेड गॅस्केटची तपासणी आधी करून घ्यावी.

माझ्या गाडीत तापमानाचा काटा नाही, फक्त दिवा आहे. तो लागेपर्यंत थांबावे का?

थांबू नये. अलीकडच्या अनेक छोट्या गाड्यांत इंजिन थंड असताना निळा आणि अति तापल्यावर लाल, एवढेच दोन दिवे असतात. लाल दिवा लागतो तोपर्यंत तापमान धोक्याच्या पातळीवर पोहोचलेले असते. अशा गाडीत राखीव बाटलीतील पातळी आठवड्यातून एकदा इंजिन थंड असताना पाहणे हाच खरा काटा होय. पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या दरम्यान हवी. ती हळूहळू जरी उतरत असली, तरी पाणी कुठेतरी जात आहे.

रस्त्यात गाडी तापल्यास झाकण उघडून पाणी घालावे का?

तापलेल्या गाडीचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. फडके गुंडाळून किंवा अर्धे फिरवूनही नाही. यामागचे कारण समजून घेतले, तर घाई करण्याचा मोह होत नाही. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला ९५–९६ अंशांनाच उकळी फुटते. रेडिएटरचे झाकण आत जवळजवळ एक बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो आणि पाणी शंभरावर असूनही द्रवच राहते. झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो, पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होतो आणि उरलेले उकळते पाणी तोंडावर आणि हातांवर उसळते. घाटमाथ्यावर असे भाजलेले लोक दर उन्हाळ्यात दिसतात, हे टाळण्यासारखे आहे.

गाडी सुरक्षितपणे बाजूला घ्यावी आणि एसी बंद करावा. वाफ येत नसेल व थांबायला जागा नसेल, तर जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण गरमवर ठेवून हळू चालवावी. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असल्याने थोडी उष्णता तो बाहेर टाकतो. नंतर इंजिन बंद करून किमान पाऊण तास थांबावे. वरचा होज पाइप (रेडिएटरला जोडलेली जाड रबरी नळी) बोटांनी दाबल्यावर मऊ आणि कोमट लागला, तरच झाकणाला हात लावावा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतणे हे तर हेडला तडा जाण्यास आमंत्रण होय.

रेडिएटर न काढता कोणत्या गोष्टी तपासता येतात?

बऱ्याच. प्रथम झाकण पाहावे, कारण तो सर्वांत स्वस्त भाग आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. त्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा छापलेला असतो. खालचे रबर कडक झाले असेल, त्याला चीर असेल किंवा मधली छोटी झडप नखाने ओढल्यावर परत बसत नसेल, तर झाकण बदलावे. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चेपलेला दिसतो का, हेही पाहावे. तसे असल्यास निवताना राखीव बाटलीतील पाणी आत ओढू देणारी झडप किंवा बाटलीकडे जाणारी नळी बंद पडली आहे.

त्यानंतर टॉर्च घेऊन प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे दुमडून जोडलेली असते, तो सांधा सगळीकडून पाहावा. बारीक गळतीत पाण्याचा थेंब सहसा सापडत नाही, कारण गरम धातूवर तो लगेच वाळतो. मागे उरतो तो पांढरा, हिरवट किंवा गुलाबी डाग, कूलंटच्या रंगाप्रमाणे. अशा सुकलेल्या ओघळाचे वरचे टोक जिथे संपते, तिथेच गळतीचे मूळ असते.

शेवटी एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली फट पाहावी. ती समोरून दिसत नाही आणि घाण तिथेच साचते. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात पाचटाचे तूस, विदर्भात कापसाचे तंतू, पावसाळ्यात किडे आणि चिखल यांचा तिथे चक्क नमदा तयार होतो. कित्येकदा हा थर काढल्यावर रेडिएटर बदलण्याची गरजच उरत नाही.

हे काम घरी करता येते का?

हत्यारे हाताळण्याची सवय असेल, सपाट जागा आणि अर्धा दिवस मोकळा असेल, तर करता येते. १० आणि १२ मिलिमीटरचे गोटी पाने, पक्कड, पेचकस, पसरट घमेले, हातमोजे व डोळ्यांचे संरक्षण एवढे साहित्य सहसा पुरते. गाडीखाली जायचे असल्यास नुसत्या जॅकवर विसंबू नये; भक्कम घोडी लावल्याशिवाय अंग गाडीखाली घालू नये.

रेडिएटर काढण्याचा योग्य क्रम कोणता?

इंजिन पूर्ण थंड असावे. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. काही गाड्यांमध्ये चावी काढलेली असतानाही पंखा अचानक फिरू शकतो आणि पात्यांजवळ बोटे असतात ती नेमकी याच कामात. त्यानंतर झाकण काढावे, घमेले खाली सरकवावे आणि रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग हाताने हळूहळू ढिला करावा. हा प्लग बहुधा प्लॅस्टिकचा असतो आणि जुना झाल्यावर ठिसूळ होतो. तो हटत नसेल, तर जोर न लावता खालचा होज सोडवून पाणी काढावे. बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग नीट पाहून ठेवावा, कारण तपासणी इथेच सुरू होते.

मग वरचा होज, राखीव बाटलीची नळी आणि खालचा होज या क्रमाने सोडवावे. पंख्याच्या वायरचा सॉकेट त्याची खिटी दाबून काढावा. वायर धरून ओढू नये. पंखा आणि त्याचे प्लॅस्टिकचे आवरण बहुतेक गाड्यांत एकत्रच असते. त्याचे बोल्ट काढून ते आधी सरळ वर उचलून घेतले, तर पुढे जागा मोकळी मिळते. त्यानंतर रेडिएटरच्या वरच्या पट्ट्यांचे बोल्ट काढावेत. खाली तो रबरी बुशांवर नुसता बसलेला असतो, म्हणून तिरका न करता उभाच वर उचलावा. उचलण्याआधी इंजिनाच्या बाजूने जाड पुठ्ठा घालावा, म्हणजे जाळीच्या पात्या कशालाही घासत नाहीत. खालची रबरे रेडिएटरला चिकटून वर येतात किंवा खाली पडून हरवतात. ती मोजून बाजूला ठेवावीत.

होज पाइप निघतच नाही. काय करावे?

ओढू नये, पिळावा. क्लॅम्प मागे सरकवून होज पक्कडीत हलकेच धरावा आणि नळीभोवती थोडा थोडा फिरवावा. चिकटलेले रबर सुटल्याचे हाताला कळते. पेचकस आत घालून उचकटल्यास टाकीची प्लॅस्टिकची मान तुटते आणि तपासणीसाठी काढलेला चांगला रेडिएटर तिथेच बाद होतो. होज जुना असेल, तर तो लांबीच्या दिशेने चिरून काढणे सोयीचे. नवा होज रेडिएटरच्या मानाने फार स्वस्त पडतो.

एसीचा कंडेन्सर काढावा लागतो का?

सहसा नाही. तो रेडिएटरला बोल्टने जोडलेला असल्यास बोल्ट काढून कंडेन्सर जागच्या जागी दोरीने बांधून ठेवावा. त्याच्या नळ्या मात्र उघडू नयेत. आतला वायू मोठ्या दाबाखाली असतो आणि ते काम यंत्रसामग्री असलेल्या एसी कारागिराचेच आहे.

ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत काय वेगळे असते?

अनेक ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. त्या नळीला आत भोक पडले, तर तेल आणि कूलंट मिसळून गुलाबीसर, दुधाळ द्रव तयार होतो आणि गिअरबॉक्सचे मोठे नुकसान होते. असा द्रव दिसल्यास गाडी चालवू नये, उचलून न्यावी. या गाड्यांत रेडिएटर काढताना तेलाच्या नळ्याही सोडवाव्या लागतात, त्यांची तोंडे बंद करावी लागतात आणि शेवटी तेलाची पातळी भरून तपासावी लागते. ज्याने हे काम आधी पाहिलेले नाही, त्याने ते गॅरेजवर सोपवणे शहाणपणाचे.

काढलेल्या रेडिएटरमध्ये नेमके काय तपासावे?

बाहेरून सुरुवात करावी. पात्यांवर नखाने हलकेच दाब द्यावा. चांगली पाती दबून पुन्हा उभी राहते किंवा वाकते. गंजलेली पाती भुकटी होऊन गळते. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेने हा प्रकार लवकर होतो. पात्या नळ्यांपासून सुटल्या की उष्णता हवेत जाण्याचा मार्गच तुटतो. पाण्याची गळती एक थेंबही नसताना रेडिएटर निकामी झालेला असतो. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगावीशी वाटते. नुसत्या वाकलेल्या पात्या मात्र बारीक चिमट्याने सरळ करता येतात. धुताना पाण्याची धार मंद असावी आणि ती पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने सोडावी, म्हणजे घाण आली त्याच वाटेने निघते. उच्च दाबाच्या वॉशरने पात्या आडव्या पडतात.

आता आतून पाहावे. टॉर्चच्या उजेडात वरच्या मानेतून काही नळ्यांची तोंडे दिसतात. त्यांच्याभोवती पांढरे कवच असेल, तर ते बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत. सोलापूर, लातूर, बीडकडच्या गाड्यांत, वर्षानुवर्षे साधे पाणीच घातले गेले असेल तर, चहाच्या जुन्या पातेल्याच्या तळाशी बसतो तसा थर या अरुंद नळ्यांत बसलेला सापडतो. तपकिरी गाळ हा इंजिनातील लोखंडी भागांचा गंज असतो आणि तो दिसल्यास इंजिन व हीटरही धुवून घ्यावेत. तेलकट तवंग किंवा मळीसारखा चिकट थर दिसला, तर रेडिएटरचे काम तिथेच थांबवून तेल कुठून आले ते शोधावे.

गळतीची तपासणी रेडिएटर पाण्यात बुडवून करतात. एक तोंड सोडून बाकीची रबरी बुचांनी बंद करायची, उरलेल्या तोंडातून हवा भरायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. दाब झाकणावरच्या आकड्याइतकाच ठेवावा. टायरच्या हवेसाठीचा कॉम्प्रेसर थेट जोडल्यास चांगला सांधाही उसवतो. बुडबुड्यांची अगदी बारीक माळ दिसायलाही वेळ लागतो, म्हणून रेडिएटर दोन-तीन मिनिटे पाण्यात स्थिर धरावा.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

फियाट आणि अँबॅसिडरच्या काळात रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि झाळकाम करणारा कारागीर टाकी उघडून, नळ्यांत सळई फिरवून, सांधा झाळून तो पुन्हा नव्यासारखा करून देत असे. ती कला खरी होती आणि जुन्या गाड्यांसाठी आजही उपयोगी आहे. ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या रेडिएटरला मात्र ती लागू पडत नाही. जाळी शाबूत असून फक्त टाकी तडकली असेल किंवा सांध्याचे रबर गेले असेल, तर टाकी बदलून सांधा पुन्हा दाबून देणारे कारागीर मिळतात. नळीला भोक, भुकटी झालेल्या पात्या किंवा आतून निम्म्याहून अधिक तुंबलेली जाळी असेल, तर नवाच घ्यावा. प्लॅस्टिकच्या तड्यावर लावलेला एपॉक्सीचा लेप गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरता मानावा.

हळद किंवा गळती थांबवणारी पावडर टाकली तर चालते का?

ट्रकवाल्यांमध्ये रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची रीत जुनी आहे आणि तिने बारीक गळती काही काळ थांबतेही. पण जी भुकटी भोक बुजवते, ती अरुंद नळ्या आणि हीटरही बुजवते. आडरानात अडकल्यावर घर गाठण्यापुरता हा उपाय क्षम्य आहे. त्यानंतर सगळी यंत्रणा धुवून काढावी लागते, आणि तेव्हा आजारापेक्षा औषध महाग पडल्याचे लक्षात येते.

नवा रेडिएटर घेताना काय जुळवावे?

जुना सोबत न्यावा आणि शेजारी ठेवून पाहावा : जाळीची उंची, रुंदी व जाडी, होजच्या मानांचा व्यास व दिशा, पंख्याच्या बोल्टची भोके आणि खालच्या खुंट्या. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल, डिझेल आणि ऑटोमॅटिकसाठी वेगवेगळे रेडिएटर असू शकतात. जाडी कमी असलेला स्वस्त रेडिएटर बसतो अगदी बरोबर, पण मे महिन्यात एसी लावून घाट चढताना त्याची उणीव उघड होते. याच वेळी झाकण, दोन्ही होज आणि शक्य असल्यास थर्मोस्टॅटही बदलावा.

बसवताना कोणत्या चुका होतात?

खालची रबरे विसरणे, ही पहिली. रबराशिवाय बसलेला रेडिएटर प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट सोसतो आणि टाकीच्या खुंट्या तडकतात. दुसरी, प्लॅस्टिकच्या मानेवर स्क्रूचा क्लॅम्प वाजवीपेक्षा जास्त आवळणे. तिसरी चूक पंख्याच्या तारा कापून जोडल्यास होते : तारा उलट जोडल्या गेल्यास पंखा उलटा फिरतो. पंख्याने हवा समोरून खेचून इंजिनाकडे ढकलली पाहिजे. कागदाचा कपटा समोरच्या जाळीला चिकटून राहतो का, यावरून ते कळते.

कोणते पाणी आणि कोणते कूलंट घालावे?

पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, म्हणजे बॅटरीसाठी मिळते ते. बोअरचे किंवा नळाचे पाणी फक्त अडचणीच्या वेळी. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. कूलंटमुळे उत्कलनबिंदू वाढतो आणि त्यातील रसायने ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवतात, ही दोन कामे आपल्या हवामानात अधिक मोलाची आहेत. प्रकार ठरवताना रंगावर जाऊ नये. रंग ही उत्पादकाची निवड असते, मानक नव्हे. पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहावा आणि दोन वेगळी कूलंट मिसळू नयेत.

थेट वापरायचे आणि पाणी मिसळून वापरायचे, अशी दोन्ही कूलंट दुकानात एकसारख्या डब्यांत शेजारी ठेवलेली असतात. थेट वापरायच्या कूलंटमध्ये पुन्हा पाणी घालणे ही फार आढळणारी चूक आहे. तिच्याइतकीच नकळत होणारी आणखी एक : यंत्रणा पाण्याने धुतल्यावर इंजिनाच्या आत बरेच पाणी अडकून राहते, त्यामुळे वरून थेट वापरायचे कूलंट घातले तरी मिश्रण पातळ होते. म्हणून धुतल्यानंतर तीव्र, म्हणजे पाणी मिसळून वापरायचे, कूलंट वापरणे बरे. एकूण क्षमता ४ लिटर असेल आणि प्रमाण निम्मे-निम्मे असेल, तर आधी २ लिटर तीव्र कूलंट घालावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी.

हवा कशी काढावी?

अडकलेली हवा हेच नवा रेडिएटर बसवूनही गाडी तापण्याचे सर्वांत मोठे कारण असते. गाडीचे नाक थोडे उंच ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर करावा आणि कूलंट बारीक धारेने भरावे. हवा काढण्याचा स्क्रू दिलेला असल्यास तो ढिला करून अखंड धार येईपर्यंत थांबावे. वरचा होज अधूनमधून दाबल्याने बुडबुडे वर येतात. मग झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे, पातळी उतरेल तसे भरत राहावे आणि बुडबुडे थांबले व पाणी गरम होऊ लागले की झाकण लावावे. त्यानंतर पंखा दोनदा सुरू होऊन दोनदा बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. हीटरमधून सतत गरम हवा आली, तर हवा निघाली. मध्येच गार हवा आली, तर अजून आहे. काही गाड्यांत रेडिएटरवर झाकण नसतेच, दाब धरणारे झाकण राखीव बाटलीच्या जागी असलेल्या वेगळ्या टाकीवर असते. तिथे कूलंट त्या टाकीतूनच भरावे.

बदलल्यानंतर किती दिवस लक्ष ठेवावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पाहावी. ती थोडी उतरलेली असणे स्वाभाविक आहे. ती भरून आठवडाभर रोज पाहत राहावे. सारखी उतरत असेल, तर सांधे पुन्हा तपासावेत. लांबचा प्रवास किंवा घाट या आठवड्यानंतरच ठेवावा.

काढलेले जुने कूलंट कुठे टाकावे?

गटारात, शेतात किंवा झाडाच्या बुंध्याशी नाही. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री, मांजरे आणि लहान मुले त्याकडे ओढली जाऊ शकतात. थोडेही पोटात गेल्याचा संशय आल्यास, लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालयात किंवा पशुवैद्याकडे न्यावे. घमेले उघडे ठेवून जेवायला जाऊ नये. जुने कूलंट घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्यावे. थंड पेयाची रिकामी बाटली यासाठी कधीही वापरू नये. जुना रेडिएटर पूर्ण निथळल्यावर भंगारवाल्याकडे देता येतो. त्यातील ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरले जाते.